मार्गदर्शकाचे शील आणि उपासिकेची साक्ष

एलएसडी, सिलोसायबिन यांसारखी चित्तवृत्ती पालटणारी द्रव्ये देऊन साधकाला अनुभव घडविणाऱ्या मार्गदर्शकांचे आचरण कसे असावे, याची चर्चा पाश्चात्त्य देशांत चालू आहे. भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने ही द्रव्ये निषिद्ध आहेत. पंचशील ग्रहण केलेल्या उपासकास तर पाचवे शीलच पुरेसे आहे. तरीही कोल्हापुरात बसून आम्ही या चर्चेची दखल घेतो, कारण मूळ प्रश्न द्रव्याचा नसून बंद दाराआडच्या सत्तेचा आहे. देवऋषी आणि बुवा यांच्यापुढे बसलेल्या स्त्रीची अवस्था आपल्याला अपरिचित नाही. अलौकिक शक्तीच्या नावाने होणाऱ्या लैंगिक शोषणाचा निर्देश महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला करावा लागला, तो उगीच नव्हे.

अमेरिकेतील ‘कौन्सिल ऑन स्पिरिच्युअल प्रॅक्टिसेस’ या संस्थेने आध्यात्मिक मार्गदर्शकांसाठी आचारसंहिता केली आहे. साधकाची संमती तो शुद्धीवर असताना आधीच घ्यावी, त्याच्या हळव्या अवस्थेचा गैरफायदा घेऊ नये, मार्गदर्शकांनी परस्परांचा सल्ला घ्यावा, ही तिची कलमे स्तुत्य आहेत. आमचा आक्षेप एकच: मार्गदर्शकावर नजर मार्गदर्शकाचीच. साधकाच्या शब्दाने कोणती चौकशी सुरू होते, हे संहिता सांगत नाही.

ही उणीव किती महाग पडते, ते कॅनडात दिसले. तेथे 2015 मध्ये एमडीएमएच्या एका वैद्यकीय प्रयोगात एका स्त्रीसाठी दोन मार्गदर्शक नेमले होते. पण ते दोघे पती-पत्नी होते. सत्रात तिला धरून दाबून ठेवल्याचे चित्रफितीत दिसते. पुढे त्यांतील पुरुषाने तिच्याशी शरीरसंबंध ठेवले. तेथील अनैतिक वर्तनाचे कारण देऊन संबंधित तीन शोधनिबंध मागे घेतले गेले, ते 2024 मध्ये. एका घरातील दोन डोळे दुसऱ्या दोन डोळ्यांवर पहारा करीत नाहीत.

आता विनयपिटकातील दोन ‘अनियत’ नियम पाहावेत. विशाखेने एका भिक्खूला एकांतात स्त्रीसमवेत बसलेले पाहिले व हटकले. त्या प्रसंगातून हे नियम झाले. एकांतात बसलेल्या भिक्खूविषयी विश्वासार्ह उपासिका बोलली, तर तिच्या शब्दावर संघात चौकशी सुरू होते. दोष कोणता, हे आधी ठरलेले नसते, म्हणूनच ‘अनियत’. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजात चीवरधारी पुरुषाविरुद्ध गृहिणीच्या साक्षीला दिलेले हे स्थान साधे नाही. मज्झिमनिकायातील वीमंसकसुत्तात तर खुद्द तथागत आपली परीक्षा करण्यास शिष्यांना सांगतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. मोक्षदात्याला प्रश्न विचारता येत नाही. मार्गदात्याला विचारावाच लागतो. आमच्या विहारांतील ध्यानशिबिरांनाही हीच कसोटी लावली पाहिजे: शिबिरातून घरी परतलेली भगिनी काही सांगू लागली, तर ते ऐकून घेणारे कोणी नेमलेले आहे काय? नसेल, तर पाश्चात्त्यांची उणीव दाखविण्याचा अधिकार आम्हाला नाही.