दोन फोटो, पासपोर्ट आकाराचे

चेहऱ्यांच्या बाबतीत माझ्याइतका अनुभव फार थोड्या टीकाकारांच्या गाठी असेल. गेली वीस-बावीस वर्षं मी बँकेत आहे आणि त्यातली निम्मी खाती उघडण्याच्या टेबलावर गेली. 'दोन फोटो, पासपोर्ट आकाराचे' हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा रामनाम घेतलं असतं तर एव्हाना मला न्यायला विमान मुलुंड पश्चिमेच्या रिक्षा स्टँडपाशी येऊन उभं राहिलं असतं. तिथे त्याला जागा मिळाली नसती, ही गोष्ट निराळी.

पासपोर्ट आकाराच्या फोटोत माणूस माणसासारखा दिसत नाही, हा या अनुभवाचा सारांश. स्टेशनबाहेरच्या फोटोवाल्याच्या स्टुलावर बसलं की भला गृहस्थ आपोआप आरोपी होतो. 'हनुवटी वर, मान डावीकडे, हसू नका,' एवढ्या तीन आज्ञांत त्याचं उभ्या जन्मातलं व्यक्तिमत्त्व निघून जातं. उरलेल्यावर मी गोंद लावतो आणि निम्मा फोटोवर, निम्मा कागदावर असा गोल शिक्का मारतो. पुढे तोच माणूस काउंटरवर हसत उभा राहिला की मी फोटोकडे बघतो, त्याच्याकडे बघतो आणि सही नीट पडताळून घेतो. हसणारा माणूस आमच्या रेकॉर्डला नाही.

एवढ्या अधिकारामुळेच बहुधा माझ्या बोरिवलीच्या बहिणीने मला फोन केला. भाचा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. म्हणतो, मला पोर्ट्रेट फोटोग्राफर व्हायचंय. लग्नाचे फोटो नाहीत, बारशाचे नाहीत. मासिकाच्या मुखपृष्ठावर असतात तसले, नुसत्या चेहऱ्यांचे. "दादा, तू कॉमर्सवाला आहेस. त्याला हिशेब समजावून सांग," बहीण म्हणाली. "मी त्याला रविवारी पाठवते."

बोरिवलीहून मुलुंडला येणं म्हणजे आधी अंधेरीपर्यंत लोकल, तिथून घाटकोपरपर्यंत मेट्रो आणि घाटकोपरला पुन्हा स्लो गाडी. एवढी यातायात करून पोरगा उपदेश ऐकायला येणार, तर उपदेशाला काही आधार हवा, म्हणून मी चार दिवस अभ्यास केला. या धंद्यात यशस्वी झालेला एक मराठी माणूस घ्यायचा, त्याचा ताळेबंद मांडायचा आणि शेवटी 'बघ, हे आपल्याला जमायचं नाही' असं म्हणून पोह्यांची बशी पुढे करायची, असा बेत होता.

मराठी माणूस शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गौतम राजाध्यक्ष. आमच्या पिढीने त्यांचे फोटो पाहिले ते न्हाव्याच्या दुकानात. केस कापायचा नंबर येईपर्यंत मासिकं चाळायची आणि नंबर आला की नेमकं सुंदर पान अर्धवट सोडून उठायचं, हे आमचं कलाशिक्षण. तेव्हा फोटोखालचं नाव वाचायची पद्धत नव्हती. फोटो नटीचा असतो, काढणाऱ्याचा असतो हे ठाऊकच नव्हतं.

तर ताळेबंद. जन्म १९५० सालचा, मुंबईतला. झेवियर्समध्ये रसायनशास्त्र. १९७४ साली लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरी, पुढे तिथल्या फोटो विभागाचे प्रमुख. १९८० साली शबाना आझमी, टीना मुनीम वगैरे मंडळींचे फोटो काढले आणि मासिकांतून नाव होऊ लागलं. नोकरी सोडली कधी? तर १९८७ साली! म्हणजे तेरा वर्षं नोकरी, आणि त्यातली सात वर्षं नाव झाल्यानंतरची. हा आकडा हाती लागला तेव्हा मला झालेला आनंद दिवसअखेरची रोकड पहिल्या मोजणीला जुळल्यावर होतो त्या जातीचा होता. मोठा कलावंत, पण पगाराची तारीख धरून होता! भाच्याला सांगायला याहून चांगलं काय हवं?

आणखी एक. कामाचं पहिलं प्रदर्शन भरवलं ते २००० साली, पुण्याला. म्हणजे सुरुवातीनंतर वीस वर्षांनी. बँकेतसुद्धा एवढ्या काळात एखादी बढती होते. (माझी झाली नाही, पण तो विषय वेगळा.)

पण ताळेबंद मांडता मांडता फोटो बघणं भाग पडलं आणि तिथे घोटाळा झाला. लायब्ररीतून त्यांचं 'फेसेस' हे १९९७ सालचं जाडजूड पुस्तक मिळवलं. दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंत सिनेमातली पंचेचाळीस माणसं. मुलुंडच्या गाडीत ते मांडीवर उघडणं शक्य नव्हतं, कारण मांडीच मिळाली नाही. घरी रात्री जेवणं आटोपल्यावर टेबलावर पसरलं.

आता टीकाकार म्हणून स्पष्ट बोलतो. पहिल्या दहा पानांत माझं मत प्रतिकूल होतं. काय आहे, की यांच्या फोटोत कुणीच थकलेलं नाही. उजेड असा मऊ येतो की डोळ्यांखाली, नाकाशेजारी, हनुवटीखाली जिथे म्हणून आयुष्य साचतं तिथली सावली विरघळून जाते. दलाल-मुळगावकरांच्या चित्रांतल्या बायका आठवतात का? दिवाळी अंकावरून नि कॅलेंडरवरून आपल्याकडे बघणाऱ्या, ज्यांना कधी स्वयंपाक करताना घाम आला नसेल अशा? मुळगावकर ती तुकतुकी रंगाच्या फवाऱ्याने आणत. राजाध्यक्षांनी ती दिव्यांनी आणली. मराठी घराला देखणेपणाची जी एक जुनी कल्पना आहे, कुलीन, गोरी, जरा दूर बसलेली, ती त्यांच्या कॅमेऱ्यात शिरली आणि तिथून हिंदी सिनेमात गेली, असं माझं मत आहे. कुणी पुरावा मागितला तर माझ्याकडे फक्त न्हाव्याचं दुकान आहे.

बँकेच्या दृष्टीने तर हे फोटो साफ नामंजूर. या फोटोंवरून कुणाचीही ओळख पटवता येणार नाही. फोटोतली बाई काउंटरवर आली तर मी मॅनेजरला बोलावीन.

याच्या उलट टोकाला कॅनडातले यूसुफ कार्श. १९४१ सालच्या डिसेंबरात चर्चिलसाहेब त्यांच्यापुढे उभे राहिले, चिरूट तोंडात. कार्शने पुढे होऊन तो चिरूट सरळ काढून घेतला आणि साहेब भडकले त्या क्षणी बटण दाबलं. तो चिडका चेहराच पुढे इंग्रजांच्या जिद्दीची खूण म्हणून जगभर गाजला. राजाध्यक्षांनी कुणाचा चिरूट काढून घेतला असता असं मला वाटत नाही. त्यांनी बहुधा आधी चहा विचारला असता.

इथवर माझी समीक्षा ठीक चालली होती. पण पुस्तक पुढे चाळताना एक गोष्ट लक्षात आली, की तरुण, देखण्या चेहऱ्यांवर मी भराभर पानं उलटतोय आणि वयस्कांपाशी थांबतोय. तरुण चेहऱ्याला मऊ उजेड दिला काय नि न दिला काय; तिथे साखरेत साखर. म्हाताऱ्या चेहऱ्यावर तोच उजेड पडतो तेव्हा मात्र काही वेगळं होतं. सुरकुत्या जात नाहीत, पण त्यांची लाज जाते. माणूस असा बसलेला असतो, की त्याच्याकडे कुणीतरी वेळ घेऊन बघतंय हे त्याला कळलेलं आहे. तो बघणारा दिव्यांमागे उभा आहे आणि त्याला घाई नाही. माझ्या टेबलापुढे बसलेल्या एकाही माणसाला आजवर असं वाटलेलं नाही.

मग कळलं, की हा गृहस्थ नुसते फोटो काढत नव्हता, त्या माणसांवर लिहीतही होता. मासिकांतून सदरं लिहिली, 'चंदेरी' या मराठी पाक्षिकाचं संपादन केलं, काजोलचा पहिला सिनेमा 'बेखुदी' लिहिला. समोरच्याशी बोलायचं काय हे त्याला माहीत होतं. लेन्स हे त्यानंतरचं प्रकरण. या धंद्याचं खरं भांडवल ते असावं. कॅमेरा हप्त्याने मिळतो, गप्पा मिळत नाहीत.

रविवारी भाचा आला. पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी. मी तेरा वर्षांचा मुद्दा मांडला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मामा, पण त्यांच्या वेळी मासिकं होती. 'इलस्ट्रेटेड वीकली' १९९३ सालीच बंद पडलं. आता नटनट्या स्वतःच मोबाइलवर फोटो काढून टाकतात."

म्हणजे माझं काम तोच करत होता! मी उत्साहाने म्हटलं, "मग? मुखपृष्ठच नाही तर मुखाचं काय करणार?"

"मोबाइलमध्ये नाक मोठं येतं," तो म्हणाला. हात लांब करून, म्हणजे दोन फुटांवरून फोटो काढला की कॅमेऱ्याला सगळ्यांत जवळ असतं ते नाक, आणि कान बिचारे मागे पडतात. चेहऱ्याचा फोटो पाच-सहा फुटांवरून, पंच्याऐंशी किंवा एकशेपाच मिलिमीटरच्या लेन्सने काढायचा, मग नाक आपल्या जागी राहतं. मुखपृष्ठाला वर मासिकाच्या नावापुरती जागा सोडायची, डोक्याला नाव टेकता कामा नये. पूर्वी स्लाइड फिल्म असायची; उजेडाचा अंदाज थोडा चुकला तरी छत्तीसच्या छत्तीस फोटो फुकट. हे सगळं तो न अडखळता सांगत होता. ह्याच मुलाला आयकराचं कलम विचारलं तर तो पंख्याकडे बघतो.

मग म्हणाला, "सराव म्हणून आजीचा काढू?"

आता आईचं सांगायला हवं. माझी आई फोटो काढू देत नाही. बाबा गेल्यापासून नाही. बाबांचा धड फोटो घरात नव्हता. त्यांच्या पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला दोघांचा जोडफोटो तेवढा होता. तो मोठा करायला दिला. फोटोवाल्याने आईला कापलं आणि बाबांना परस्पर कोट-टाय चढवला. का, तर म्हणे 'सगळेच घेतात'. माझ्या बाबांनी हयातीत कधी कोट घातला नाही. तो त्यांना तेराव्या दिवशी मिळाला. वर डाव्या खांद्यापाशी आईच्या पदराचा एक हिरवा तुकडा राहून गेला. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. आई त्याला हार घालते आणि बघते मात्र त्या हिरव्या तुकड्याकडे.

तेव्हापासून नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा आला की तेवढ्यापुरता तिचा चेहरा सरकारला मिळतो. आता तर मोबाइलपुढे बसून डोळे मिचकावले की पुरतं. "मी जिवंत आहे हे डोळा मारून सांगायचं," असं ती म्हणते.

भाच्याने तिला विचारलंच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी ती मेथी निवडत बसली होती. खिडकीला त्याने पांढरा पंचा टांगला, दुसऱ्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर चादर टाकली आणि स्वतः पाच-सहा फुटांवर फरशीवर बसून तिला तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल विचारत राहिला. त्या विहिरीबद्दल मी गेल्या वीस वर्षांत काही विचारलेलं नाही. मला वाटलं होतं, मला ती माहीत आहे.

अर्ध्या तासाने त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. मी टीकाकाराच्या नजरेने बघायचं ठरवलं होतं. पदर मेथीच्या मातीने मळलेला. केस विस्कटलेले. सावल्या मऊ, पण होत्या. राजाध्यक्षांनी त्या आणखी विरघळवल्या असत्या, आणि इथे भाच्याने पुसल्या नाहीत हे मला आवडलं. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. विहिरीत बघत होती. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"काय मामा, तेरा वर्षं नोकरी करू?" भाच्याने विचारलं.

"आधी परीक्षेचा फॉर्म भर," मी म्हटलं. आवाज हवा तितका कडक लागला नाही. बहिणीला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. तिचे तीन फोन येऊन गेलेत.

आईने हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो बराच वेळ लांब धरून पाहिला. मग मला म्हणाली, "हा तुमच्या बँकेत चालेल का रे?"

मी म्हटलं, "नाही चालणार. एक कान दिसत नाही, आणि मागे पंचा आलाय."

"बरं झालं," ती म्हणाली. "मग हा नंतरसाठी ठेवा. आणि त्याला सांगून ठेव, कोट घालायचा नाही."