संवेदकांचे दावे आणि नाग नदीचे पाणी

सांडपाण्यातील औषधांचे अंश ओळखणाऱ्या विद्युतरासायनिक संवेदकांवर गेल्या दोन दशकांत शोधनिबंधांचा पाऊस पडला आहे. उपकरण स्वस्त, हातात मावणारे आणि उत्तर काही मिनिटांत देणारे आहे, हे खरेच. तरीही हे निबंध आणि त्यांवर बेतलेल्या बातम्या यांतून उभे राहणारे चित्र अपुरे आहे, असे आम्हांला वाटते.

तत्त्व सोपे आहे. इलेक्ट्रोडला ठरावीक विद्युतदाब दिला की पॅरासिटामॉलच्या रेणूचे ऑक्सिडीकरण होऊन त्यातून २ इलेक्ट्रॉन निघतात. द्रावणात औषध जितके जास्त, तितका विद्युतप्रवाह जास्त. अशा मापनाचा पाया हायरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये घातला आणि १९५९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. घरोघरी दिसणारा ग्लुकोमीटर हा याच कुळातला. मग जे रक्तातील साखरेबाबत जमले, ते सांडपाण्यातील औषधांबाबत का अडते?

पहिली अडचण प्रमाणाची. १ लिटर रक्तात साधारण १ ग्रॅम साखर असते. सांडपाण्यात डायक्लोफेनॅक असते ते लिटरमागे सुमारे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा लाख पटींनी कमी. वर्गात करता येईल असे एक गणित पाहा. डायक्लोफेनॅकचे रेणुवस्तुमान २९६ आहे. ‘१ मायक्रोमोलपर्यंत मोजतो’ असे सांगणारा संवेदक प्रत्यक्षात लिटरमागे २९६ मायक्रोग्रॅमपर्यंतच पोहोचतो. नदीसाठी तो सुमारे तीनशे पट कमी पडला! एकक बदलले की मोठा वाटणारा दावा असा लहान होतो.

दुसरी अडचण गर्दीची. ग्लुकोमीटरमध्ये साखरच निवडणारे विकर असते आणि पट्टी एकदा वापरून फेकायची असते. सांडपाण्यात युरिक आम्ल, साबण, प्रथिने, कुजलेल्या पाल्याचे अंश असे सारेच असते. त्यांतील काहींचे ऑक्सिडीकरण जवळपासच्याच विद्युतदाबाला होते, तर काही इलेक्ट्रोडवर थर धरून त्याला निकामी करतात. अनेक निबंधांत मात्र नळाचे पाणी किंवा गाळून विरल केलेले सांडपाणी घेतात, त्यात औषध मोजून मिसळतात आणि ‘९८ टक्के परत मिळाले’ असे लिहितात. आपणच ठेवलेली वस्तू आपणच शोधण्यासारखे हे आहे. पाण्यात मुळात किती औषध होते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

नागपूरला हा प्रश्न पुस्तकी नाही. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. नाग नदीत पडणारे सांडपाणी मात्र कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. नेहमीच्या शुद्धीकरणात पॅरासिटामॉल बरेचसे नष्ट होते, डायक्लोफेनॅक पुष्कळसे टिकून राहते. मेलेल्या जनावरांच्या मांसातील याच औषधाने गिधाडे मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीचा वापर चालूच आहे.

शहरी सांडपाण्याच्या मानकांत बीओडी, सीओडी, निलंबित पदार्थ, विष्ठाजन्य जीवाणू यांना मर्यादा आहेत, औषधांना नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादा जानेवारी २०२० च्या मसुद्यात होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या वगळल्या गेल्या. ‘मोजता येत नाही’ ही सबब अशा वेळी सोयीची ठरते. म्हणूनच फुगवलेला दावा घातक आहे. प्रत्यक्ष नदीवर तो फसला, की त्या सबबीलाच बळ मिळते.

संवेदक निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. नीरीसारखी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. नाग नदीचे न गाळलेले पाणी वर्षभर, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातही, संवेदकाने आणि मोठ्या यंत्राने शेजारी शेजारी मोजून दोन्ही आकडे छापले जावेत. तोवर शिक्षकांनी अशी बातमी वर्गात वाचताना तीन प्रश्न विचारावेत: किती कमी मोजतो? कोणत्या पाण्यात? आणि किती दिवस टिकतो?