श्रेय कुणाचे? : ‘हेमाडपंती’ या शब्दाची चिकित्सा

मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या दगडी देवळाविषयी विचारले की पहिला शब्द येतो तो ‘हेमाडपंती’. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणाही याला अपवाद नाही. गोकुळेश्वराचे मंदिर, जुनी बारव, गावाची ओळख होऊन बसलेला उंच दगडी स्तंभ, वस्तीत विखुरलेली शिल्पे, या सगळ्या ऐवजाची बोळवण त्या एका शब्दात होते. देऊळ कधीचे, बांधवले कोणी, घडवले कोणी, या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर मिळते आणि ते एका मंत्र्याचे नाव असते. अनेकांच्या हातून झालेल्या कामाला एका माणसाचे नाव कसे चिकटते आणि ते चिकटल्यावर काय हरवते, हे या लेखात तपासायचे आहे. त्यासाठी देवळांपासून थेट अणुसंमीलनाच्या यंत्रांपर्यंत जावे लागेल, कारण आज हाच प्रश्न तिथे अधिक उघडपणे दिसतो.

हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप. महादेव (१२६१ ते १२७१) आणि रामचंद्र या दोन राजांच्या काळात त्याने कारभार पाहिला. त्याने काही देवळे बांधवली असतील. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला ते अवघडही नव्हते. पण अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. त्यालाही सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. तिथल्या शिलालेखाचे साल शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहारांच्या राज्यात ते उभे राहिले तेव्हा हेमाद्रीच्या कारभाराला दोनशे वर्षे अवकाश होता. जन्माआधीच देवळे बांधणारा कारभारी फक्त शब्दांतच असू शकतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की ‘हेमाडपंती’ हे माणसाचे नाव राहिलेले नाही, ते आता बांधणीचे नाव आहे. चुन्याशिवाय दगडात दगड गुंतवून उभारलेले काम, एवढाच त्याचा अर्थ. हा युक्तिवाद वरवर पटतो. पण मग हाच शब्द वापरून देवळाला तेरावे शतक कसे बहाल केले जाते? माहितीफलकांवर ‘हेमाडपंती’ या विशेषणाच्या पाठोपाठ ‘यादवकालीन’ हे विशेषण आपोआप येते. म्हणजे शब्द तंत्र सांगतो असे म्हणायचे आणि त्याच्याकडून कालनिर्णयाचे काम करून घ्यायचे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. स्थापत्याच्या अभ्यासकांकडे ‘भूमिज’सारख्या नेमक्या संज्ञा आहेत. हेन्री कझेन्स यांचे दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचे पुस्तक १९३१ चे. पुढे डॉ. गो. बं. देगलूरकरांसारख्यांनी इथल्या मंदिरांचा बारकाईने अभ्यास केला. तरीही लोकांच्या तोंडी आणि लेखी राहिला तो कारभाऱ्याच्या नावाचाच शब्द.

यातला खरा विरोधाभास हेमाद्रीच्या स्वतःच्या लेखनात आहे. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा निबंधग्रंथ आहे. व्रत, दान, श्राद्ध, काल अशा विषयांवर स्मृती, पुराणे आणि आधीच्या ग्रंथकारांची वचने गोळा करून लावलेली. त्यात हेमाद्री स्वतःचे मत मांडतो, पण ग्रंथाचा बहुतांश देह दुसऱ्यांच्या शब्दांचा आहे आणि वचन कोणाचे हे तो नावानिशी सांगतो. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिताना (पहिला खंड १९३०) ग्रंथकारांचा काळ ठरवण्यासाठी जी साधने वापरली, त्यांत हे एक प्रमुख होते : कोण कोणाला उद्धृत करतो. ‘अ’ने ‘ब’चे वचन दिले तर ‘ब’ आधीचा. ‘क’ने ‘अ’ला आधार म्हणून घेतले तर ‘अ’ त्याच्या अलीकडे येऊ शकत नाही. अशा दोन टोकांमध्ये एकेका ग्रंथकाराला त्यांनी बसवले. आज उद्धरणांचा अभ्यास ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे. तिच्यातला एक कळीचा प्रश्न काण्यांनी संगणकाशिवाय, पोथ्या वाचून हाताळला होता. फरक एवढाच की ते उद्धरणे मोजत नव्हते, वाचत होते.

तेव्हा प्रत्येक वचनाला धनी देणारा हा माणूस. त्याच्याच नावाखाली शेकडो अनाम सूत्रधारांचे काम जमा झाले. आणि फक्त देवळे नव्हेत. मोडी लिपी त्याने आणली, बाजरीही त्याने आणली, असे परंपरा सांगते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानातल्या अशाच प्रवृत्तीला बायबलमधल्या मॅथ्यूचे नाव दिले : ज्याच्यापाशी कीर्ती आहे त्याच्याकडेच आणखी श्रेय जाते. पुढे १९८० मध्ये स्टीफन स्टिग्लर यांनी एक खट्याळ नियम मांडला की कोणत्याही शोधाला त्याच्या मूळ शोधकाचे नाव नसते. आणि या नियमाचे श्रेय त्यांनी मर्टनना देऊन टाकले. हेमाडपंत हे या दोन्ही नियमांचे आपले घरचे उदाहरण आहे.

आता अणुसंमीलनाकडे. जिंतूरच्या पूर्वेला, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या उभारणीतली एक संस्था म्हणजे गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, आणि हीच संस्था फ्रान्समधल्या ‘ईटर’ या संमीलन प्रकल्पातला भारताचा वाटा सांभाळते. ईटरच्या निर्वात पात्राच्या दोन भिंतींमध्ये बसवायचे किरणोत्सर्गरोधक ठोकळे हा त्या वाट्याचाच भाग.

ते ठोकळे कशाला लागतात? ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांच्या संमीलनातून १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा निघते आणि त्यातली १४.१ एकटा न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युतभार नसल्याने चुंबकाचे कुंपण त्याला अडवत नाही. तो भिंतीत घुसतो, पोलाद किरणोत्सर्गी करतो, यंत्र बंद झाल्यावरही तिथे माणूस कधी जाऊ शकेल हे त्याच्यावर ठरते. तो कुठे किती पोचेल हे यंत्र बांधण्याआधीच सांगावे लागते. त्यासाठी संगणकात कोट्यवधी न्यूट्रॉनांचे प्रवास एकेक करून, जणू फासे टाकत, चालवले जातात. ही ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत.

या पद्धतीचे श्रेय बहुधा स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांना दिले जाते. कल्पना उलाम यांची, आणि न्यूट्रॉनांसाठी तिची मांडणी फॉन नॉयमन यांनी १९४७ मध्ये केली, हे खरेच. पण १९४८ मध्ये एनिॲक संगणकावर न्यूट्रॉनांचे ते प्रवास प्रत्यक्ष चालले, तेव्हाची आज्ञावली लिहिण्याचे मोठे काम क्लारा फॉन नॉयमन यांनी केले. १९४९ मध्ये पद्धतीचे नाव जगापुढे ठेवणारा निबंध आला त्यावर नावे दोनच : मेट्रोपोलिस आणि उलाम. संगणनाच्या इतिहासकारांनी जुनी कागदपत्रे धुंडाळली तेव्हा कुठे क्लारा यांचा वाटा नीट समोर आला.

पुढचे उदाहरण याहून बोलके आहे. १९५३ च्या एका निबंधातली रीत आजही ‘मेट्रोपोलिस अल्गोरिदम’ म्हणून ओळखली जाते. लेखक पाच : मेट्रोपोलिस, दोघे रोझेनब्लूथ पतिपत्नी, दोघे टेलर पतिपत्नी. नावे वर्णानुक्रमे लावलेली, म्हणून मेट्रोपोलिस पहिले. मार्शल रोझेनब्लूथ पुढे संमीलनशास्त्रातले अग्रगण्य सिद्धांतकार झाले. त्यांनी २००३ मध्ये सांगितले की मेट्रोपोलिस यांचा वाटा संगणकाचा वेळ मिळवून देण्यापुरता होता. आज्ञावली अरियाना रोझेनब्लूथ यांनी लिहिली होती. म्हणजे इथेही नाव राहिले ते यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याचे. कारभारी बदलले, रीत तीच.

मोठ्या प्रयोगांनी यावर उपाय काढला तो सर्वांची नावे घालण्याचा. गुरुत्वीय लहरींच्या २०१६ च्या निबंधावर हजाराहून अधिक नावे आहेत आणि उल्लेख होतो ‘ॲबट आणि इतर’ असा, पुन्हा वर्णानुक्रमाच्या कृपेने. पुण्यातल्या ‘आयुका’चे संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ मध्ये अशा लहरी गोंगाटातून गाळून काढण्याच्या गणितावर लिहिले होते. ‘आणि इतर’ या दोन शब्दांत ते वेगळे दिसत नाही. इंग्लंडमधल्या ‘जेट’ या संमीलन यंत्राने आणखी पुढची पायरी गाठली. तिथल्या निबंधांवर मोजक्या नावांनंतर ‘जेटचे सहयोगी’ असे लिहितात आणि यादीसाठी दुसऱ्याच एका आढावा-निबंधाकडे बोट दाखवतात. लेखकत्वच उद्धरण होऊन जाते. त्या आढाव्याला मग जी उद्धरणे मिळतात त्यांतली कितीतरी त्यातला विचार कोणी वाचला म्हणून मिळालेली नसतात, फक्त नावांची यादी तिथे आहे म्हणून मिळतात. आकडा मोजणाऱ्याला हा भेद दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? काम टिकले, नाव गेले, तर बिघडले काय? ओवी जात्यावर जन्मते, तिला कर्ती विचारत नाही. पण ओवीला आपण दुसऱ्या कोणाचे नावही देत नाही. अनामिकता आणि चुकीचे नाव यांत फरक आहे. अनाम वस्तू प्रश्न विचारायला लावते. चुकीचे नाव प्रश्न बंद करते. न्यूट्रॉनांच्या गणिताची चूक शोधायची तर कोणत्या मोजमापावर, कोणाच्या आज्ञावलीवर ते उभे आहे हे कळावे लागते. तिथे श्रेयाचा माग हा सुरक्षिततेचाही माग असतो. विज्ञानपत्रिका आता लेखकांच्या चौदा प्रकारच्या भूमिका वेगळ्या नोंदवू लागल्या आहेत : कल्पना कोणाची, आज्ञावली कोणाची, निधी कोणी आणला. ही पद्धत निर्दोष नाही, पण निधी आणणारा आणि आज्ञावली लिहिणारा यांना ती एका शब्दात कोंबत नाही.

चारठाण्याला हेच हवे आहे. एका देवळाला हेमाडपंती म्हटले की ते शेकडोंपैकी एक होते, आणि शेकडोंपैकी एकाचा दगड निखळला तर फारसे कोणाला वाटत नाही. त्याऐवजी फलकावर चार वेगळ्या ओळी असाव्यात : बांधणीचे तंत्र, शैली, काळाचा अंदाज आणि त्याचा पुरावा, आश्रयदाता. पाचवी ओळ सूत्रधाराची. नाव सापडेपर्यंत ती कोरी ठेवावी, पण पुसू नये. प्रत्येक वचनाला त्याचा धनी देणाऱ्या हेमाद्रीलाही हीच शिस्त मान्य झाली असती.