आयकमनच्या कोंबड्या आणि आपली वही

जीवनसत्त्वांचा धडा शिकवताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. जावा बेटावर डॉ. आयकमन यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग जडला. आचारी बदलला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात बंद झाला, कोंबड्या बऱ्या झाल्या आणि 'ब-१' जीवनसत्त्व सापडले! गोष्ट रंजक आहे, पण विज्ञान म्हणून लंगडी आहे.

आयकमन शोधत होते जंतू. काही कोंबड्यांना त्यांनी संशयित जंतू टोचले. पण न टोचलेल्याही आजारी पडल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या या कोंबड्यांमुळेच जंतूंची कल्पना डळमळली. पुढे १८९७ साली फोर्डरमन यांनी जावातील शंभराच्या आसपास तुरुंगांतील तांदूळ व बेरीबेरी यांची सांगड तपासली. तरीही आयकमन यांचा तर्क चुकलाच. भातात विष असून कोंड्यात त्यावर उतारा आहे, असे त्यांना वाटले. अन्नात काहीतरी कमी पडते, हे १९०१ साली ग्रीन्स यांनी मांडले. आयकमन यांना १९२९ चे नोबेल मिळाले, म्हणून ही चूक गोष्टीतून गाळायची का? ती गाळली की मुलांच्या हाती उरतो तो फक्त योगायोग.

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत, त्यांना विज्ञानाची खरी रीत अंगणातच शिकता येते. त्यासाठी पिल्लांना उपाशी ठेवायची गरज नाही. तसे करूही नये. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की अंड्यांवर पेन्सिलीने क्रमांक घालावेत आणि दर तीन दिवसांनी त्यांचे वजन करावे. वजन घटत जाते, कारण कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. मग विचारावे, फडताळातल्या अंड्याचेही वजन घटते का? किती? हे फडताळातले अंडे म्हणजे आयकमनची न टोचलेली कोंबडी!

एवढेही साधन नसेल, तर कोण कोणाला टोचते याची नुसती नोंद ठेवावी. नॉर्वेच्या शेल्डरुप-एबे यांना कोंबड्या पाहण्याचा नाद लहानपणापासूनचा. कळपातील हा टोचण्याचा क्रम त्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला.

शिक्षकांनी एकच पथ्य पाळावे. पुस्तकात २१ दिवस दिले आहेत. पिल्लू बाविसाव्या दिवशी निघाले, तर वहीत २२ च लिहू द्यावे.