खाणकामगाराच्या मुलीची मिळकत

2025 च्या नोव्हेंबरात 'बिलबोर्ड'च्या कंट्री गीतांच्या डिजिटल विक्रीच्या यादीत 'वॉक माय वॉक' हे गीत अग्रस्थानी आले, आणि ज्या 'ब्रेकिंग रस्ट'च्या नावावर ते जमा होते तो गायक कधी जन्मासच आलेला नसून त्याचा खरखरीत कंठ यंत्राने निर्मिला आहे, हे कळल्यावर रसिकांत जो क्षोभ उसळला त्यात मी मनःपूर्वक सहभागी आहे. परंतु त्या क्षोभाचा सारा रोख एकट्या यंत्रावर वळलेला पाहून स्वस्थ बसवेना, म्हणून हा लेखप्रपंच. नॅशव्हिलच्या म्यूझिक रो भागातील कचेऱ्यांतून चार-पाच जणांनी एकत्र बसून मातीचा रस्ता, पिकअप गाडी आणि बिअर यांची ठराविक जुळणी करण्याची जी वहिवाट पडली आहे, तिने गीतातून माणसाला केव्हाच बेदखल केले होते. यंत्राने त्या रिकाम्या घराचा ताबा घेतला, एवढेच.

या 'ब्रो-कंट्री'विषयी अधिक लिहिणे हा शाईचा अपव्यय होय. टेक्ससच्या बंडखोर कंट्री गायकांचा गौरव यथेच्छ झालेला आहे. गायक ऑलिव्हर अँथनीच्या 2023 मधील गीतातले गाऱ्हाणे घोषणेच्या पलीकडे जात नाही. बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'चा आवाका मोठा खरा, पण त्यात कंट्रीविषयीचे चिंतन अधिक आणि कंट्रीतला संसार थोडा. मला ज्या परंपरेविषयी बोलायचे आहे ती स्वतःच्या स्वयंपाकघरातून उठून थेट गीतात आलेल्या स्त्रीची परंपरा आहे, आणि तिची अधिष्ठात्री लोरेटा लिन आहे.

गायिका किटी वेल्सने 1952 मध्ये पुरुषांच्या दोषारोपाला गीतातून जे प्रख्यात प्रत्युत्तर दिले, ते शब्द जे. डी. मिलर या पुरुषाचे होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. केंटकीच्या बुचर हॉलरमध्ये 1932 साली जन्मलेल्या, पंधराव्या वर्षी लग्न होऊन पतीबरोबर दूर वॉशिंग्टन राज्यात गेलेल्या, विशीत चार मुलांचे करता करता नवऱ्याने आणून दिलेल्या गिटारीवर स्वर शोधणाऱ्या लोरेटाबाईंनी मात्र प्रत्युत्तराचे शब्दही स्वतःचेच आणले. दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला दाराशीच थोपवणारे 1966 चे गीत त्यांनी बहिणीसह रचले. 'फिस्ट सिटी'त सवत होऊ पाहणारीला त्यांनी सरळ मारामारीची धमकी दिली. या गीतांत करुणेची याचना कोठेही नाही. 1970 च्या 'कोल मायनर्स डॉटर'मध्ये आईची धुण्याच्या फळीवर सोललेली बोटे, कोळशाच्या खाणीत रात्रपाळी करणारा बाप आणि डुक्कर विकून आलेल्या पैशातून मागवलेले जोडे एवढाच ऐवज आहे. तो जशाचा तसा मांडून ठेवताना बाईंनी एकही उपमा खर्च केलेली नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, दारिद्र्यावर रचलेल्या शेकडो कंट्री गीतांपुढे ते आजही अढळ उभे आहे. मूळ रचनेत आणखी कडवी होती. निर्माता ओवेन ब्रॅडली यांच्या सांगण्यावरून ती गाळली गेली. त्या गाळलेल्या कडव्यांची हळहळ मला आजही वाटते.

आता ज्या गोष्टीकडे समीक्षक काणाडोळा करतात ती सांगतो. संततिनियमनाच्या गोळीवरचे 'द पिल' हे 1975 चे गीत अनेक रेडिओ केंद्रांनी वाजवण्याचे नाकारले आणि त्यामुळे ते बाईंचे सर्वांत गाजलेले बंड ठरले. पण गीतकारांच्या नावांत त्यांचे नाव नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी लिहिणेच जवळपास थांबवले होते, कारण त्यांच्या गीतांचे प्रकाशनहक्क विल्बर्न बंधूंच्या श्योर-फायर कंपनीकडे करारनाम्याने बांधलेले होते आणि लिहिलेली प्रत्येक ओळ त्याच दफ्तरी जमा होणार होती. 1972 मध्ये कंट्री म्यूझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम कलावंताचा मान मिळवणारी पहिली स्त्री आपल्याच शब्दांची कूळ होती! ऐन उमेदीच्या काळात एका श्रेष्ठ कवयित्रीला मौन धरावे लागले, आणि त्या मौनाला कारणीभूत झालेल्या दस्तऐवजांना व्यवसायाची रीत म्हणून सोडून देणाऱ्या इतिहासकारांची मला चीड येते. तीन दशकांनंतर, 2004 च्या 'व्हॅन लिअर रोझ' या संग्रहासाठी सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी पुन्हा लेखणी उचलली तेव्हा केवढे भांडार कुलुपात पडले होते, ते जगाला दिसले.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. पण 2015 मध्येही एका रेडिओ सल्लागाराने केंद्रचालकांना जाहीर उपदेश केला की श्रोते टिकवायचे असतील तर स्त्रियांची गीते कमी करा, ती लागोपाठ लावू नका; पुरुष गायक हे सॅलडमधील हिरवा पाला, स्त्रिया त्यातले टोमॅटो. त्याच्या पुढच्याच वर्षी मार्गो प्राइसचा 'मिडवेस्ट फार्मर्स डॉटर' हा संग्रह प्रसिद्ध झाला, ज्याच्या ध्वनिमुद्रणासाठी तिच्या घरची मोटार विकावी लागली आणि लग्नाची अंगठी गहाण पडली. बापाची गेलेली शेती सांगणारी प्राइस, ब्रँडी क्लार्क, ॲश्ली मॅकब्राइड याच लोरेटाबाईंच्या खऱ्या वारस आहेत, आणि नॅशव्हिलच्या रेडिओने त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवून आतली जागा ज्या नीरस मालाने भरली, त्या मालाची नक्कल करणे यंत्रालाही सोपे गेले.

म्हणून यंत्रावर बंदी मागणाऱ्यांना माझे सांगणे आहे की प्रथम करारनामे मागवा, गीताचा हक्क ते रचणाऱ्या हाती ठेवा आणि केंद्रांनी ठरवलेले स्त्रियांचे प्रमाण मोडून काढा. 4 ऑक्टोबर 2022 रोजी लोरेटाबाई गेल्या तेव्हा नॅशव्हिलने शोक केला; पण आपल्या आरंभीच्या गीतांचे प्रकाशनहक्क परत मिळावेत म्हणून त्या न्यायालयात गेल्या होत्या आणि ते त्यांना मिळाले नाहीत.