बालशाळेतील नेतृत्व आणि अक्षरशिक्षण : दोन संशोधनांची चिकित्सा

पूर्वप्राथमिक शिक्षणाविषयीच्या संशोधनात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘नेतृत्व’ हा शब्द फारच प्रचारात आला आहे. बालशाळेची प्रमुख समर्थ असली की मुलांची भाषा सुधारते व त्यांच्या वाचनाची तयारी नीट होते, असा ह्या लिखाणाचा सर्वसाधारण आशय असतो. विधान वरवर पाहता निर्विवाद वाटते. परंतु समर्थ प्रमुख म्हणजे कोण, आणि तिचे सामर्थ्य मुलाच्या वाचनापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, असे विचारू लागताच पाया तपासणे भाग पडते. आपल्याकडे तर ही निकड अधिकच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकच पायाभूत स्तर मानला, आणि वाचनलेखनाच्या पूर्वतयारीचा भार अंगणवाडीच्या शिरावर उघडपणे ठेवला.

ह्या विषयात ज्याचा उल्लेख टाळता येत नाही असा अहवाल इराम सिराज-ब्लॅचफोर्ड व लॉरा मॅनी ह्यांचा. तो २००७ साली लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने प्रसिद्ध केला. त्याच्या पाठीशी एक फार मोठे काम उभे आहे. १९९७ पासून इंग्लंडमधील १४१ बालशाळांतून सुमारे ३,००० मुलांची प्रगती वर्षानुवर्षे मोजण्यात आली. प्रशिक्षित शिक्षकांचे प्रमाण जेथे चांगले होते, तेथे मुलांची वाचनपूर्व तयारी सरस आढळली. पुढे ह्यांपैकी बारा शाळा निवडून त्यांचे बारकाईने निरीक्षण झाले, आणि नेतृत्वाविषयीचा अहवाल ह्या निरीक्षणांच्या आधारावर लिहिला गेला. समान दृष्टी, सहकाऱ्यांशी विचारविनिमय, पालकांशी संबंध, शिक्षकांचे टिकून राहणे इत्यादी गुण तेथे नेतृत्वाची लक्षणे म्हणून सांगितले आहेत.

येथेच आमची शंका आहे. त्या बारा शाळा मुळातच चांगले फळ दाखविणाऱ्या म्हणून घेतलेल्या होत्या. चांगल्या शाळांत एखादा गुण सर्वत्र आढळला म्हणजे तो वाईट शाळांत नसतो, असे सिद्ध होत नाही. कदाचित पडलेल्या शाळांच्या प्रमुखही तितक्याच तळमळीने सहकाऱ्यांच्या बैठका घेत असतील. त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नाही. अहवालातील लक्षणे त्यामुळे खोटी ठरत नाहीत, पण ती कारणे आहेत असे म्हणण्याचा अधिकारही उरत नाही. मात्र ह्याच निरीक्षणांतून हाती लागलेली दुसरी एक गोष्ट आम्हास कितीतरी मोलाची वाटते. बाई आणि मूल एकाच गोष्टीवर काही वेळ मिळून विचार करीत राहतात, मूल सांगते, बाई विचारते, मूल पुन्हा सांगते, अशा प्रकारचे संभाषण ह्या शाळांतून अधिक आढळले. वाचनाची खरी पेरणी ह्या संभाषणात होते. नेतृत्वाची चर्चा करावयाची तर हे संभाषण घडू देणारी व्यवस्था कोण करते, येथून ती सुरू व्हावयास हवी होती. पुढील अभ्यासकांनी मात्र लक्षणांची यादी उचलली आणि तिच्या प्रश्नावल्या केल्या.

दुसरे संशोधन आपल्या देशातील आहे, आणि त्यात ‘नेतृत्व’ हा शब्द जवळजवळ येतच नाही. अलेहान्द्रो गनिमियन, कार्तिक मुरलीधरन व ख्रिस्तोफर वॉल्टर्स ह्यांनी तामिळनाडूतील ३२० अंगणवाड्यांवर प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही अंगणवाड्यांत फक्त बालशिक्षणाकरिता अर्धवेळ काम करणारी आणखी एक बाई देण्यात आली. तेथे शिकविण्याचा वेळ दुपटीवर गेला. अठरा महिन्यांनी गणितात ०.२९ व भाषेत ०.४६ प्रमाण विचलनांची वाढ दिसली. आणि मूळच्या सेविकेला आरोग्य व आहाराकडे लक्ष देण्यास सवड मिळाल्यामुळे मुलांचे कुपोषणही कमी झाले. पद्धतीच्या दृष्टीने हे काम इंग्लंडच्या अहवालाहून निःसंशय भक्कम आहे, कारण येथे तुलनेसाठी दुसरी बाजू आहे.

तथापि, वेळ दुपटीने वाढला म्हणजे नेमके काय वाढले? पाटीवर ‘अ’ गिरविण्यात गेलेला तास आणि गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत सांगण्यात गेलेला तास घड्याळात सारखेच असतात. ह्या दोहोंपैकी कशाने भाषेचे गुण वाढले, हे ह्या प्रयोगाच्या मांडणीतून निराळे काढता येत नाही. शिवाय नेतृत्वाचे नाव नसले तरी नेतृत्वाचे एक कृत्य येथे घडले आहे: कोणी तरी कामाची विभागणी केली. ती वरून, संशोधक व शासन ह्यांनी केली, एवढेच.

ही विभागणी खालून, वर्गात बसून करणाऱ्या नेतृत्वाचे उदाहरण शोधावयास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामबालशिक्षेचे काम सुरू केले. हरिजनवस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजनेत जे नाव घेतले ते ह्याच अंगणवाडीचे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. हे सर्व आपणास ठाऊक आहे. किंबहुना फार ठाऊक आहे. त्यांच्यावरील मराठी लेखनाचा बहुतांश भाग त्याग, सेवा आणि निष्ठा ह्या तीन शब्दांत आटोपतो. कुरणात नेमके काय वाचले गेले, घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पहिले अक्षर कोणत्या शब्दातून भेटले, बाईने त्याचा शब्द स्वीकारला की पुस्तकी मराठी शब्द त्याच्या जागी बसविला, हे प्रश्न चरित्रलेखकांना क्वचितच पडलेले दिसतात. अक्षर घरच्या शब्दाला चिकटले तर मूल वाचू लागते. परक्या शब्दाला चिकटले तर ते पुष्कळदा नुसते घोकू लागते. बोर्डी-कोसबाडच्या नेतृत्वाची परीक्षा ह्याच ठिकाणी व्हावयास हवी होती. वंदनाने ती टळली, आणि त्यात ताराबाईंचेही नुकसान झाले असे आमचे मत आहे. कारण ज्या बाईने आयुष्यभर प्रयोग केले, तिच्या प्रयोगांना प्रयोग म्हणून कोणी तपासलेच नाही.

आजच्या अंगणवाडीत नेत्याचे पद पर्यवेक्षिकेकडे आहे. वीस-पंचवीस अंगणवाड्या तिच्याकडे असतात. तिची भेट झाली की हजेरी, वजने, पोषण आहार आणि २०२१ पासून मोबाइलवरील पोषण ट्रॅकरची नोंद पाहिली जाते. मूल बोलते का, हे त्या नोंदीत बसत नाही. नेतृत्वाच्या इंग्रजी प्रश्नावलीचे भाषांतर करून ती ह्या पर्यवेक्षिकेस भरावयास दिली, तर ती प्रामाणिकपणे ‘सहकाऱ्यांशी विचारविनिमय करते’ ह्यापुढे खूण करील, आणि आपल्याला काहीही कळणार नाही. त्यापेक्षा डहाणू तालुक्यातील दहा अंगणवाड्यांत एक वर्ष बसून, पर्यवेक्षिकेच्या भेटीपूर्वी व भेटीनंतर बाई आणि मूल ह्यांच्यात झालेले संभाषण मुलाच्या बोलीतच जसेच्या तसे टिपून ठेवणारा अभ्यास लहान असला तरी आम्ही त्यास अधिक महत्त्व देऊ. चांगल्या चालणाऱ्या पाच आणि न चालणाऱ्या पाच अंगणवाड्या घेतल्या, तर इंग्लंडच्या अहवालात राहिलेली उणीवही त्यात राहणार नाही. असा अभ्यास करावयाचा तर संशोधकास वारली बोली यावी लागेल, आणि आपल्या शिक्षणशास्त्र विभागांतून ती अट अजून कोणी घातलेली आमच्या पाहण्यात नाही.