करवीर, सांगरूळ व मतदारसंघांच्या याद्या

मोडी कागदांचा व पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस निवडणुकीच्या याद्यांची चिकित्सा या पृष्ठांत पाहून कदाचित् आश्चर्य वाटेल. परंतु शंभर वर्षें लोटल्यावांचून कागद हा इतिहासाचें साधन होत नाहीं, हा समज आम्हांस मान्य नाहीं. ज्या कागदावरून पुढील पिढी आपला गतकाल ठरविणार, तो आजच तपासला पाहिजे; कारण त्यांतील चूक ओळखणारीं माणसें आज हयात आहेत, पुढें तीं असणार नाहींत. कोल्हापूर जिल्ह्यांतील विधानसभा-मतदारसंघांच्या ज्या याद्या स्मरणिकांतून, तालुक्यांच्या माहितीपुस्तकांतून व वृत्तपत्रांच्या निवडणूक-पुरवण्यांतून वेळोवेळीं छापल्या जातात, त्यांचा परामर्श घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. या याद्यांतील मुख्य दोष इतका सार्वत्रिक आहे कीं तो कोणा एका संकलकाचा म्हणतां येत नाहीं. म्हणून कोणाचेंहि नांव न घेतां दोषाचाच विचार करतों.

दोष असा. संकलक मतदारसंघाचें नांव मथळ्यास घेतो व त्याखालीं आरंभापासून आजपर्यंतच्या आमदारांची एक अखंड माळ ओंवतो. वाचकाची समजूत होते कीं, त्या नांवाचा एक ठराविक मुलूख आहे, त्यांत तींच गांवें आहेत, आणि त्या गांवांनीं क्रमानें अमुक अमुक प्रतिनिधि निवडले. नांव एक म्हणून वस्तु एक, असें हें अनुमान आहे. न्यायशास्त्राचा प्रथम पाठ घेतलेला विद्यार्थीहि तें मान्य करणार नाहीं. करवीरच्या गादीवर राजाराम नांवाचे छत्रपति एकाहून अधिक झाले. १८७० मध्यें फ्लॉरेन्स येथें दिवंगत झालेले राजाराम महाराज आणि १९२२ ते १९४० पर्यंत राज्य केलेले राजाराम महाराज यांस कोणी एक मानूं लागला, तर आमचे वाचक त्याची शकावली तत्काळ बाजूस ठेवतील. मतदारसंघांच्या बाबतींत मात्र हाच घोटाळा आपण निमूटपणें वाचतों.

प्रमाणादाखल करवीर हाच मतदारसंघ घेऊं. २००४ च्या निवडणुकींत करवीर मतदारसंघांतून सतेज पाटील निवडून आले. २००९ मध्यें करवीर मतदारसंघांतून चंद्रदीप नरके निवडून आले. यादींत हीं दोन नांवें एकाखालीं एक पडतात, आणि करवीरच्या मतदारांनीं पांच वर्षांत आपला प्रतिनिधि बदलला असा अर्थ आपोआप निघतो. आतां उमेदवारांचा मागोवा घ्यावा. २००४ चे करवीरचे आमदार २००९ मध्यें करवीरांत उभेच नव्हते. ते कोल्हापूर दक्षिण या नव्या मतदारसंघांतून उभे राहिले व निवडून आले. उलटपक्षीं २००९ मध्यें करवीरांत पराभूत झालेले पी. एन. पाटील हे २००४ मध्यें सांगरूळचे आमदार होते. याचा उलगडा एकच. २००९ चें करवीर हें २००४ च्या करवीरचें वारस नाहीं. जुन्या करवीरचा पुष्कळसा मुलूख कोल्हापूर दक्षिणेंत गेला, आणि सांगरूळ व पश्चिमेकडील गांवें यांस करवीर हें नांव मिळालें. आजच्या करवीर मतदारसंघांत गगनबावडा तालुका आणि पन्हाळा व करवीर या तालुक्यांचे कांहीं भाग आहेत. नांव आपल्या जागीं राहिलें नाहीं, तें सरकलें.

हा एकच दाखला असता तर अपवाद म्हणून सोडून देतां आला असता. परंतु जिल्हाभर हाच प्रकार आहे. पन्हाळा मतदारसंघाचे २००४ मधील आमदार विनय कोरे २००९ मध्यें शाहूवाडींतून निवडून आले, कारण पन्हाळा हा मतदारसंघच उरला नव्हता. त्या तालुक्याची वांटणी शाहूवाडी व करवीर यांत झाली. गडहिंग्लजचें उदाहरण याहून बोलकें आहे. बाबासाहेब कुपेकर हे २००४ ते २००९ या काळांत विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि ज्या गडहिंग्लज मतदारसंघांतून ते सभागृहांत आले तोच पुनर्रचनेंत लुप्त झाला. पुढील निवडणूक त्यांनीं चंदगडमधून जिंकली. अनुसूचित जातींसाठीं राखीव असलेला वडगांव मतदारसंघ गेला व राखीव जागा हातकणंगले या नव्या नांवाखालीं आली. आमच्या शाहूपुरीपुरतें पाहिलें तर येथील मतदार २००४ मध्यें मालोजीराजे छत्रपति यांस निवडून देणाऱ्या कोल्हापूर मतदारसंघांत होता. २००९ मध्यें तो राजेश क्षीरसागर यांस निवडून देणाऱ्या कोल्हापूर उत्तर मतदारसंघांत होता. घर तेंच, पेठ तीच, मतदारसंघ निराळा.

एकूण हिशेब मांडला तर २००४ मध्यें जिल्ह्यांत बारा मतदारसंघ होते : शिरोळ, इचलकरंजी, वडगांव, शाहूवाडी, पन्हाळा, सांगरूळ, राधानगरी, कोल्हापूर, करवीर, कागल, गडहिंग्लज व चंदगड. पैकीं वडगांव, पन्हाळा, सांगरूळ, कोल्हापूर व गडहिंग्लज हीं पांच नांवें गेलीं, कोल्हापूर उत्तर, कोल्हापूर दक्षिण व हातकणंगले हीं तीन नवीं आलीं, राहिले दहा. जीं सात नांवें टिकलीं त्यांची व्याप्ति टिकली असें समजूं नये. करवीरचें आपण पाहिलेंच. गडहिंग्लज तालुका चंदगड व कागल यांत विभागला गेल्यानें त्या दोहोंचें रूपहि पालटलें.

हें कां झालें, याविषयीं लोकांत राजकीय डावपेंचांच्या पुष्कळ कथा प्रचलित आहेत. दहा हा आंकडा मात्र साध्या गणितानें समजतो. १९७१ च्या जनगणनेंत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारें ५ कोटी ४ लक्ष होती. २८८ जागांनीं भागिलें असतां एका जागेस सुमारें पावणेदोन लक्ष लोक येतात. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हां सुमारें २० लक्ष ४८ हजार, म्हणजे भागाकार ११.७, जागा बारा. पुढें १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें ही वांटणी २००० नंतरच्या जनगणनेपर्यंत गोठविली गेली. २००१ मध्यें राज्याची लोकसंख्या सुमारें ९ कोटी ६९ लक्ष झाली व एका जागेचा वांटा सुमारें ३ लक्ष ३६ हजार. कोल्हापूर जिल्हा ३५ लक्ष २३ हजारांवर पोंचला, तरी भागाकार १०.४७ इतकाच; जागा दहा. जिल्हा घटला नाहीं. मुंबईभोंवतालचा प्रदेश, ठाणें व पुणें त्याहून झपाट्यानें वाढलीं. न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाची पुनर्रचना १९ फेब्रुवारी २००८ पासून अंमलांत आली व महाराष्ट्र विधानसभेस ती प्रथम ऑक्टोबर २००९ च्या निवडणुकींत लागू झाली.

आयोगाच्या आदेशाची ग्रंथ या दृष्टीनें परीक्षा केली तर त्याचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. प्रत्येक मतदारसंघाची व्याप्ति तालुका, महसूल मंडळ, सजा व नगरांतील प्रभाग या क्रमानें दिली आहे. भाषा निःसंदिग्ध आहे. १७३१ च्या वारणेच्या तहांत नदी हीच सरहद्द मानली गेली. नदी डोळ्यांस दिसते. महसूल मंडळाची हद्द भूमीवर दिसत नाहीं, ती दफ्तरांतच असते. म्हणून असा आदेश दफ्तराच्या साहाय्यानेंच वाचला पाहिजे. आणि येथेंच त्याची उणीव आहे. नव्या मतदारसंघाची व्याप्ति त्यांत आहे; परंतु कोणतें गांव पूर्वी कोणत्या मतदारसंघांत होतें याचा मेळ घालणारें कोष्टक नाहीं. चांगल्या संहितेच्या संपादनांत जुन्या प्रतींचे श्लोकांक नव्या श्लोकांकांशीं जुळवून दिलेले असतात, तसें तें असावयास हवें होतें. आयोगाचें काम इतिहास लिहिण्याचें नव्हे, हें खरें. पण मग तें कोष्टक करण्याचें काम इतिहासाभ्यासकांवर येतें, आणि तें अद्यापि यादीकारांपैकीं कोणी मनावर घेतलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

"करवीर" या शब्दानें घोटाळ्यांत भर घातली आहे. माहात्म्यग्रंथांत करवीर हें क्षेत्राचें नांव. संस्थानकाळीं तें राज्याचें नांव. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झाल्यावर तें तालुक्याचें म्हणून राहिलें. आणि मतदारसंघाचें म्हणून तें दोन निरनिराळ्या मुलुखांस लागलें. त्यामुळें अर्थनिर्णय प्रकरणावरून व वर्षावरून करावा लागतो. जो यादीकार करवीर मतदारसंघ म्हणजे कोल्हापूर शहर, असें टिपणींत लिहून जातो, त्यानें प्रकरणाकडे लक्ष दिलेलें नाहीं.

याद्यांतील आणखी तीन स्खलनांचा संक्षेपानें निर्देश करतों. (१) १९५२ व १९५७ च्या निवडणुकांत मुंबई राज्यांत कांहीं मतदारसंघ द्विसदस्य होते. ती पद्धति १९६१ च्या कायद्यानें बंद झाली. तेव्हां त्या काळीं एकाच मतदारसंघापुढें दोन नांवें दिसल्यास एक नांव प्रक्षिप्त मानून गाळूं नये. (२) चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगांव जिल्ह्यांत होता. १९५२ चे चंदगडचे मतदार कोल्हापूर जिल्ह्याच्या यादींत शोधणें व्यर्थ आहे. (३) पोटनिवडणुका वगळल्या जातात. बाबासाहेब कुपेकर यांच्या निधनानंतर २०१३ मध्यें संध्यादेवी कुपेकर चंदगडमधून आल्या. चंद्रकांत जाधव यांच्या निधनानंतर एप्रिल २०२२ मध्यें जयश्री जाधव कोल्हापूर उत्तर मधून आल्या. सार्वत्रिक निवडणुकांच्याच अहवालांवरून यादी केली कीं अशीं नांवें गळतात, आणि या दोन्ही ठिकाणीं गळणारें नांव स्त्रीचें आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

कोणी म्हणेल, नांवें आलीं, नांवें गेलीं. मतें तर सर्वांस आहेतच, मग एवढा खल कशास? इंग्लंडांत ओल्ड सेरम येथील ओसाड टेंकडीस १८३२ पर्यंत दोन प्रतिनिधि होते. तो मतदारसंघ रद्द झाला याबद्दल कोणीं अश्रु ढाळावे असें नाहीं. लोकसंख्येच्या मानानें जागा बदलल्या पाहिजेत, हें आम्हांसहि मान्य आहे. आमची तक्रार मतदारसंघ रद्द केल्याबद्दल नाहीं. तो रद्द झाल्यावर त्याची नोंदहि पुसली जाते, याबद्दल आहे. ओल्ड सेरम येथें माणसें नव्हतीं. सांगरूळ येथें होतीं व आहेत. शेतकरी कामगार पक्षाचे संपतराव पवार-पाटील यांनीं सांगरूळचें प्रतिनिधित्व केलें, आणि पश्चिम करवीरच्या शेतकऱ्यांनीं त्या पक्षास दीर्घकाळ दिलेली साथ हें या जिल्ह्याच्या राजकीय इतिहासाचें एक प्रकरण आहे. आजच्या याद्यांत सांगरूळ हा मथळा नसल्यानें तें प्रकरण कोठेंच बसत नाहीं. करवीर या मथळ्याखालीं पाहणाऱ्यास त्या गांवांचा २००९ पूर्वीचा इतिहास दुसऱ्याच गांवांचा म्हणून मिळतो. उद्यां कोणी सांगरूळचा विद्यार्थी आपल्या आजोबांनीं कोणास मत दिलें असेल हें शोधूं लागला, तर यादी त्यास चुकीचें उत्तर देईल, आणि तें छापील असल्यानें तो त्यावर विश्वास ठेवील.

म्हणून यादीकारांस आमची सूचना अशी कीं, नांवापुढें पुनर्रचनेचें वर्ष जोडावें : करवीर (२००४ पर्यंत), करवीर (२००९ पासून). दोन्हींमध्यें रेघ ओढावी, आणि रेघेच्या खालीं मुलूख कोठून आला तें एका ओळींत सांगावें. इतकें केलें तरी निम्मा घोटाळा मिटेल.

संग्राहकांकडे मागणें याहून मोठें आहे. जुन्या मतदारयाद्या, मतदानकेंद्रांच्या याद्या, उमेदवारांचीं हस्तपत्रकें, तालुक्यांचे निवडणूक-नकाशे हे कागद आज रद्दीच्या भावानें जातात. मतदारयादी ही घराघराची नोंद आहे. वय, पित्याचें अथवा पतीचें नांव व घराचा क्रमांक त्यांत असतो. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यास तिचें मोल तीर्थोपाध्यायाच्या वहीहून कमी नाहीं. सांगरूळ, पन्हाळा, गडहिंग्लज, वडगांव व जुनें कोल्हापूर या पांच लुप्त मतदारसंघांच्या याद्यांचा एकेक संच जरी करवीर नगर वाचन मंदिरांत वा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयांत सुरक्षित राहिला, तरी गांववार कोष्टक करतां येईल. ८४ व्या घटनादुरुस्तीनें जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत स्थिर ठेवली. म्हणजे पुनर्रचना पुन्हां केव्हां तरी होणार, आणि आज टिकलेलीं नांवेंहि तेव्हां सरकतील. त्यापूर्वीं मागील सरकणीचा हिशेब लिहून ठेवणें हें येथील अभ्यासकांचें कर्तव्य आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांची नोंद या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी विनंति आहे.

शाहूपुरी, कोल्हापूर.